तृणधान्यांवरचा मावा: कुठल्या पिकावर किती फोफावतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मावा सगळ्या तृणधान्यांवर सारखाच वाढतो का?

नाही. पण 'मग त्याला सगळ्यात जास्त कुठलं पीक आवडतं?' या पुढच्या प्रश्नालाही एका शब्दात उत्तर नाही. मावा ही एकच एक कीड नव्हेच. गहू, सातू, ओट, राय, मका, ज्वारी या पिकांवर सातत्याने सापडणाऱ्या माव्याच्या अर्धा-एक डझन जाती आहेत आणि प्रत्येकीची आवड वेगळी आहे. मक्याच्या पोंग्यात गच्च भरणारी जात गव्हावर कशीबशी तग धरते. गव्हाच्या ओंबीवर माजणारी जात ज्वारीवर नावालाही दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं, मावा कोणता? मग पीक कोणतं, वाण कोणता, रोप किती दिवसांचं, हवा कशी. यातलं एक जरी सुटलं तरी उत्तर चुकतं.

झाडावर मावा भरपूर दिसला, म्हणजे ते पीक त्याला मानवलं असंच ना?

बहुतेकांची गफलत इथेच होते. मावा दिसणं वेगळं आणि मावा वाढणं वेगळं. पंख असलेल्या माद्या वाऱ्याबरोबर येतात आणि जिथे उतरतील तिथे सोंड खुपसून चव घेतात. एखाद्या पिकावर एका दिवसात शेकडो उतरतील आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या उडून जातील. उलट दुसऱ्या पिकावर चारच उतरतील, पण तिथेच ठाण मांडून पंधरा दिवसांत अख्खं पान झाकून टाकतील.

तेव्हा नुसत्या मोजणीपेक्षा कळपात कोण आहे ते बघा. सगळ्या पंखी माद्या आणि आजूबाजूला पिल्लं नाहीत, तर पाहुणे आलेत. बिनपंखी माद्या आणि त्यांच्याभोवती लहान-मोठी सगळ्या वयांची पिल्लं असतील, तर बिऱ्हाड थाटलं आहे. भिंगाखाली हे दोन मिनिटांत कळतं.

'चांगला वाढतो' हे नेमकं मोजतात कसं?

माव्याच्या माद्या नराशिवाय, थेट जिवंत पिल्लं घालतात. जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात त्याच्याही पिल्लांचे गर्भ वाढू लागलेले असतात, म्हणजे आजी, आई आणि नात एकाच कातडीत. पिल्लू चार वेळा कात टाकतं आणि अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालू लागतं.

मोजायच्या दोन गोष्टी. जन्मल्यापासून पहिलं पिल्लू घालेपर्यंत किती दिवस गेले, आणि त्यानंतरच्या तितक्याच दिवसांत किती पिल्लं झाली. १९७७ साली वायट आणि व्हाइट यांनी यावरून वाढीचा दर काढायचं सोपं सूत्र दिलं: पिल्लांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, त्याला ०.७३८ ने गुणा आणि दिवसांनी भागा. त्याआधी मादी मरेपर्यंत रोज मोजत बसावं लागे. या सूत्रामुळे काम दोन-तीन आठवड्यांवर आलं.

समजण्यासाठी आकडे मनानेच धरू. एका पिकावर मादी ८ दिवसांत वयात आली आणि पुढच्या ८ दिवसांत तिला ४० पिल्लं झाली: दर ०.३४. दुसऱ्यावर १० दिवस आणि २५ पिल्लं: दर ०.२४. फरक किरकोळ वाटतो. पण पहिल्या पिकावर संख्या दोन दिवसांत दुप्पट होते, दुसऱ्यावर जवळजवळ तीन दिवस लागतात. हाच वेग टिकला तर एका मादीपासून २० दिवसांत पहिल्यावर सुमारे ९०० आणि दुसऱ्यावर सुमारे ११५.

दोन्हींत वयात येण्याचे दिवस जास्त महत्त्वाचे. एकूण पिल्लं किती यापेक्षा पहिली पिल्लं किती लवकर, यावर कळपाचा वेग ठरतो. व्याजावर व्याज चढावं तसं. म्हणून 'या वाणावर मावा दोन दिवस उशिरा वयात येतो' हे वाक्य दिसायला साधं असलं तरी ती मोठी बातमी असते.

तृणधान्यांवरच्या मुख्य जाती कोणत्या आणि कुणाचं कशावर बरं चालतं?

सिटोबियॉन अव्हेने हा ओंबीचा मावा. हिरवा किंवा तपकिरी-लालसर, मागच्या टोकाला दोन काळ्या नळ्या. सुरुवातीला पानांवर असतो, पण पीक निसवलं की वर सरकतो आणि दाण्यांच्या तळाशी बसून दाण्याकडे निघालेला रस वाटेतच पितो. ओंबीवर त्याची पैदास पानापेक्षा बरीच जास्त होते. गहू हे त्याचं हक्काचं घर. सातू आणि ओटही चालतात.

रोपॅलोसिफम पाडी ठेंगणा, गोलसर, गडद हिरवा आणि मागच्या बाजूला गंजासारखा डाग असलेला. हा खाली राहणारा: खोडाचा बुंधा, खालची पानं, कधी मातीच्या कडेपर्यंत. सातू आणि ओटवर उत्तम, गव्हावरही चांगला. थंड प्रदेशात तो हिवाळा बर्ड चेरीच्या झाडावर अंडी घालून काढतो. सौम्य हिवाळ्याच्या भागात मात्र वर्षभर गवतांवर आणि धान्यांवरच, नराविना.

रोपॅलोसिफम मेडिस हा मक्याचा मावा. निळसर हिरवा, लांबट. मका, ज्वारी आणि सातू हे त्याचे तीन आवडते. गहू आणि ओट त्याला फारसे मानवत नाहीत. मेटोपोलोफियम डिरोडम हिवाळ्यात गुलाबावर आणि उन्हाळ्यात धान्यांच्या पानांवर असतो. तो ओंबीकडे सहसा वळत नाही.

उरले दोन खोडकर. स्किझॅफिस ग्रॅमिनम, म्हणजे ग्रीनबग, आणि डाययुरॅफिस नॉक्सिया, म्हणजे रशियन गहू मावा. हे रस पिऊन थांबत नाहीत, त्यांच्या लाळेनेच पान बिघडतं. ग्रीनबगने टोचल्या जागी पिवळे-लाल डाग पडून पान वाळतं. रशियन माव्याने पानावर पांढरे-जांभळे पट्टे येतात आणि पानाची सुरळी होते. त्या सुरळीत तो स्वतः आरामात राहतो, ना फवारा पोचत ना मावा खाणारा ढालकिडा. गहू आणि सातू त्याला उत्तम, ओट मात्र बेताचाच. ज्वारीवर गेल्या काही वर्षांत गाजलेल्या मेलानॅफिसची गोष्ट पुढे येते आहे.

सातूवर जवळजवळ प्रत्येक जात का वाढते?

गव्हात, मक्यात आणि रायमध्ये माव्याला न मानवणारी काही संयुगं असतात. गहू आणि मक्यात त्यातलं मुख्य म्हणजे डिम्बोआ, रायमध्ये त्याचा भाऊबंद डिबोआ. लागवडीखालच्या सातूत हे हत्यार नाही. त्याच्या काही रानटी भाऊबंदांत आहे, पण आपल्या शेतातल्या सातूच्या घराण्यातून ते गेलं.

सातूकडे त्याऐवजी ग्रॅमिन नावाचा अल्कलॉइड आहे. पाडी आणि ग्रीनबग दोघांनाही तो त्रासदायक ठरतो. अडचण अशी की तो मुख्यतः पानाच्या सालीत आणि गरात असतो, माव्याला हवा असलेला अन्नरस ज्या नलिकांतून वाहतो तिथे नाही. शिवाय वाणावाणांत त्याचं प्रमाण खूप बदलतं आणि काही वाणांत तो जवळजवळ नसतोच. एकदा सोंड नलिकेत पोचली की माव्याला मोकळं रान.

मग डिम्बोआ असूनही गव्हावर मावा कसा?

कारण डिम्बोआचा जोर कोवळ्या वयातच. उगवणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, मग रोप वाढेल तसं ते झपाट्याने उतरतं. जुन्या पानांपेक्षा नव्या पानात जास्त. त्यामुळे रोपावर घेतलेल्या चाचणीत 'प्रतिकारक' ठरलेला वाण निसवल्यावर ओंबीच्या माव्याला अडवीलच असं नाही. एकधान्य गव्हाच्या, म्हणजे ट्रिटिकम मोनोकॉकमच्या, काही वाणांवर माव्याची वाढ स्पष्टपणे मंदावलेली दिसते. गहू पैदासकारांचं त्याकडे लक्ष आहे ते त्यामुळेच.

आणि रसायन हा एकच अडसर नव्हे. कुसळं असलेल्या ओंब्यांवर ओंबीच्या माव्याला बस्तान बसवणं अवघड जातं. पानावरची लव, मेणाचा थर, पानाचा कडकपणा, सगळ्याचा वाटा थोडाथोडा.

ओटमध्ये कुठलंच संरक्षण नाही का?

आहे, पण वेगळ्या जातीचं. ओटमध्ये डिम्बोआच्या घराण्यातलं काही नसतं. सॅपोनिन नावाची संयुगं असतात, आणि त्यांची गाजलेली कामगिरी आहे ती बुरशीविरुद्धची. पाडी माव्याला त्याची विशेष फिकीर दिसत नाही. इंग्रजीतल्या त्याच्या नावातच ओट आहे, ते उगाच नाही.

मक्यावर मावा पोंग्यात आणि तुऱ्यातच का दिसतो?

कोवळ्या पोंग्यात ओल, सावली आणि नत्राने समृद्ध रस, तिन्ही एका जागी. तुरा बाहेर पडताना त्यावरही हीच चंगळ. पोंगा उलगडला आणि तुरा वाळला की मक्याच्या माव्याची संख्या आपोआप कोसळते, हे बऱ्याचदा औषधाचं यश समजलं जातं. तुऱ्यावर माव्याने टाकलेल्या साखरेचा चिकट थर फार झाला तर परागकण सुटायला अडथळा येतो. दाणे कमी भरण्याचा धोका तिथे.

मक्यावर इतर जातीही येतात. फ्रान्समध्ये मेटोपोलोफियम, सिटोबियॉन आणि पाडी या तिघांचा हंगामात एकामागून एक येण्याचा क्रम अभ्यासकांना परिचयाचा आहे. गहू पिकून वाळला की त्यावरचे पंखी मावे हिरवा मका शोधत निघतात.

ज्वारीवर पूर्वी नसलेला मावा अचानक कसा येतो?

या पानावरचा मला सगळ्यात रोचक वाटणारा प्रश्न हाच. 'अमुक पीक अमुक माव्याला मानवत नाही' हे वाक्य कायमचं नसतं. ज्वारीने ते दोनदा दाखवून दिलं.

ग्रीनबग अमेरिकेत गव्हाचा जुना शत्रू. १९६८ साली तो एकाएकी ज्वारीवर मोठ्या प्रमाणावर आढळला. दिसायला तसाच, पण ज्वारीवर सुखाने वाढणारा. त्याला 'बायोटाइप सी' म्हणतात; बायोटाइप म्हणजे एकाच जातीतला, पिकाशी वेगळा वागणारा प्रकार. दुसरी वेळ २०१३ची. मेलानॅफिस गटातला मावा अमेरिकेत आधीही उसावर होता. पण त्या वर्षी टेक्सास आणि लुइझियाना भागात तो ज्वारीवर भडकला आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत ज्वारीच्या पट्ट्यात पसरला. जनुकीय तपासणीत या नव्या लोंढ्याचा बहुतांश भाग एकाच मादीवंशाचा निघाला. एकच मादीवंश, आणि इतकं मोठं क्षेत्र!

ज्वारीत धुरिन असतं, ज्यातून विषारी सायनाइड सुटतं. मग मावा कसा टिकतो? धुरिन आणि त्याला फोडणारं विकर पेशीत वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेली असतात. पान चावलं, पेशी चिरडली की दोन्ही एकत्र येतात. मावा चावत नाही. तो पेशींच्या मधून सोंड सरकवत नलिकेत जातो, त्यामुळे ही कळ फारशी दाबलीच जात नाही. अळीसाठी लावलेला सापळा त्याला लागू पडत नाही.

आणखी एक उलटी गोष्ट. पानावर मेणाचा थर असला की किडीला त्रास, असं आपण धरून चालतो. पण ज्वारीच्या पानावर मेणाची पांढरी भुकटी नसलेल्या वाणांकडे ग्रीनबग कमी वळतो असं दिसून आलं आहे.

भात, बाजरी, नाचणी?

यांवर मावा येतो, पण मुख्य किडींत त्याची गणना क्वचित. भाताच्या लोंबीवर हिस्टेरोन्यूरा सेटॅरिये ही तांबूस-तपकिरी जात दिसते. मुळांवर राहणारी रोपॅलोसिफमची एक जात पाणी साचलेल्या खाचरात टिकत नाही, पण कोरडवाहू भातात अडचण करते. नाचणीच्या मुळांवर टेट्रान्यूरा असतो. झाड पिवळं पडतं, वर काही दिसत नाही, आणि उपटल्यावर मुळांशी पांढुरके मावे आणि मुंग्या सापडतात. बाजरीवर पावसाने ओढ दिली की मक्याचा मावा.

एकाच पिकाच्या दोन वाणांत फरक पडतो का?

कधीकधी दोन पिकांमधल्या फरकाहून जास्त. रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली वाणांच्या प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले आणि ते आजही उपयोगी पडतात. काही वाणांवर मावा उतरायला राजी नसतो. काहींवर उतरतो, पण त्याची वाढ खुंटते. काहींवर मजेत वाढतो, पण झाड ते सोसतं आणि उत्पादन फारसं घटत नाही. तिसऱ्या प्रकारचा वाण मावा मोजून कधीच ओळखू येणार नाही.

दुसऱ्या प्रकारचा प्रतिकार एकाच जनुकावर उभा असला की मावा त्यातून वाट काढतो. दक्षिण आफ्रिकेत १९७८ साली रशियन गहू मावा आला. पुढे त्याला रोखणारं डीएन-१ जनुक असलेले गव्हाचे वाण तिथे लावले गेले आणि काही काळ निभावलं. २००५ साली त्या जनुकाला न जुमानणारा नवा बायोटाइप सापडला. अमेरिकेत हा मावा १९८६ साली पोचला आणि २००३ साली कोलोराडोत प्रतिकारक गव्हावर वाढणारा त्याचा बायोटाइप दिसला.

हवामानाने पिकांचा क्रम बदलतो का?

हो, आणि जातीनुसार. ओंबीच्या माव्याला २० अंशांच्या आसपासची हवा मानवते. पारा ३०च्या वर राहिला की पिल्लं कमी होतात, मरही वाढते. पाडी त्याहून उबेला सोसतो. मक्याचा आणि ज्वारीचा मावा तर गरम हवेतलेच. ग्रीनबग थंडीतही हळूहळू वाढत राहतो, आणि त्याच्यावर जगणाऱ्या इवल्या परजीवी गांधीलमाश्या १३ अंशांच्या खाली सुस्तावतात. थंड, कोरड्या वसंतात ग्रीनबगचा उद्रेक होतो त्यामागे पिकापेक्षा हे गणित अधिक. त्यामुळे १८ अंशांवर मोजलेला 'सातू पहिला, गहू दुसरा' असा क्रम २८ अंशांवर तसाच राहील अशी खात्री धरू नका.

नत्र जास्त दिलं तर?

मावा वाढतो. अन्नरसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं तुटपुंजी. साखरेचा अतिरेक तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो, त्यावर काजळी धरते. अमिनो आम्लांची उणीव त्याच्या पेशींत राहणारे बुखनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. नत्र वाढवलं की रसात अमिनो आम्लं वाढतात, पान जास्त दिवस हिरवं राहतं, आणि माव्याची ही एकमेव कुरकुरही मिटते. सिलिकॉन दिलेल्या गव्हावर ग्रीनबगची वाढ मंदावल्याचे प्रयोग आहेत. पण नत्राचा हात आखडणं हा त्यापेक्षा स्वस्त मार्ग.

ज्या पिकावर मावा नीट वाढत नाही ते सुरक्षित समजावं का?

अजिबात नाही, आणि कारण विषाणू. सातूचा पिवळा खुजा रोग १९५१ साली कॅलिफोर्नियात ऑस्वाल्ड आणि ह्यूस्टन यांनी ओळखला. तो सातू, गहू आणि ओट तिघांनाही होतो आणि फक्त माव्यामार्फत पसरतो. एकदा विषाणू अंगात भिनला की मावा बहुतेक जन्मभर तो वाहतो. कुठली जात कुठला प्रकार पसरवते हेही बरंचसं ठरलेलं आहे: पीएव्ही प्रकार पाडी आणि ओंबीचा मावा दोघेही नेतात, आरपीव्ही मुख्यतः पाडी, एमएव्ही ओंबीचा मावा.

न आवडलेल्या पिकावर मावा काय करतो? टोचतो, थोडा वेळ रस पितो, उठतो, पुढच्या झाडावर जातो. म्हणजे नावड असली तर तो जास्त झाडं पालथी घालतो. कोवळ्या पिकात असे मोजके भटके मावेही रोग पेरायला पुरतात. गव्हावर पाडी माव्याच्या बाबतीत याहून चमत्कारिक निरीक्षण आहे: विषाणू नसलेले मावे रोगट झाडांकडे ओढले जातात आणि विषाणू घेतलेले निरोगी झाडांकडे. विषाणूच्या सोयीची याहून चांगली व्यवस्था सुचणार नाही.

वेगवेगळ्या अभ्यासांत एकाच पिकाबद्दल उलटसुलट निष्कर्ष का?

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे मावा आधी कशावर वाढवला होता. नातीचे गर्भ आजीच्या पोटातच घडू लागत असल्याने आजीच्या जेवणाचा परिणाम नातीपर्यंत येतो. सातूवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला मावा गव्हावर सोडून लगेच मोजलं, तर ती गव्हाची परीक्षा होत नाही. नव्या पिकावर दोन-तीन पिढ्या जाऊ द्याव्या लागतात. मग मादीवंशांमधले फरक. एकाच जातीचे दोन वंश एकाच वाणावर वेगळे वागतात. मग रोपाचं वय, कुंडी, मावा कोंडायला पानाला लावलेला चिमट्याचा पिंजरा, प्रकाश.

१९६४ साली मॅक्लीन आणि किन्सी यांनी माव्याच्या सोंडेतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह खेळवून सोंड कुठल्या थरात आहे हे आलेखावर टिपायची पद्धत आणली. त्यावरून मावा नलिकेत पोचायला किती वेळ घेतो, पोचल्यावर पितो की लगेच सोंड काढतो, हे कळतं. अभ्यास निवडून वाचायचा असेल तर पैदासही मोजलेली आणि हा आलेखही घेतलेला, असा शोधा. नुसती 'पसंती' मोजणारे प्रयोग मी स्वतः जरा संशयानेच वाचतो.

शेजारच्या पिकावरचा मावा माझ्या पिकावर येईल का?

जात जुळली तर येईल. वाळत चाललेल्या गव्हावरून मक्यावर, सातूवरून ओटवर हे सहज. गर्दी झाली किंवा रस आटला की पुढची पिल्लं पंख घेऊन वाढतात. उतरत्या पिकावर मोठ्या पिल्लांच्या पाठीवर पंखांचे फुगीर कोंभ दिसू लागले, तर निघण्याची तयारी सुरू झाली आहे असं समजा. पण मोहरी, कापूस किंवा वालावरचा मावा बघून गव्हाची काळजी करू नका. त्या जाती वेगळ्या. गव्हावर उतरल्या तरी चव घेऊन पुढे जातात.